हाय-सिक्युरिटी कुलूप पिक करताना: ताण कुठे द्यायचा आणि कोणत्या अवजाराने

कुलूप पिक करणं म्हणजे ते किल्लीशिवाय, अवजाराने उघडणं. साध्या पिन-टंबलर कुलपाला (ज्यात स्प्रिंगवरच्या पिना प्लगला, म्हणजे किल्लीने फिरणाऱ्या भागाला, अडवतात) एक हुक (पिना उचलणारा वाकड्या टोकाचा पिक) आणि एक टेन्शनर (प्लगला फिरवायचा ताण देणारी पट्टी) पुरतो. मल-टी-लॉक, मेडेको किंवा अबलॉय या कंपन्यांचं हाय-सिक्युरिटी कुलूप हातात आलं की हे दोन तुकडे अपुरे पडतात आणि नवशिका लगेच महागड्या सेटच्या मागे लागतो. अवजार लागतंच, पण ते विकत घेण्याआधी समोरच्या कुलपाबद्दल तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. ताण कोणत्या भागावर द्यायचा, हलवायचं काय, आणि हललेला भाग जागेवर बसला हे हाताला कशावरून कळणार? हाय-सिक्युरिटी कुलूप बनवणारा या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट अवघड करून ठेवतो, आणि खास अवजार तेवढ्याच एका अडचणीवर बेतलेलं असतं.

१८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ब्रामा कंपनीचं आव्हान-कुलूप उघडलं. उघडणाऱ्याला २०० गिनी मिळतील अशी पाटी लावून ते कुलूप दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं ठेवलेलं होतं. आत १८ स्लायडर (किल्लीने ठरावीक खोलीपर्यंत सरकणाऱ्या पट्ट्या) होते. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आतली मोठी स्प्रिंग सतत दाबून धरण्यासाठी त्याने लाकडाला स्क्रूने एक पट्टा बसवला होता, म्हणजे हात स्लायडर चाचपायला मोकळे. कंपनीने नेमकी त्याच पट्ट्यावर हरकत घेतली. आजची बहुतेक खास अवजारं हेच काम करतात: एक भाग स्थिर दाबून धरायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा.

पुढचं सगळं स्वतःच्या मालकीच्या आणि दारावर वापरात नसलेल्या कुलपासाठी आहे. वापरातलं कुलूप पिक केलं तर पिना झिजतात, स्प्रिंग वाकते आणि एखाद्या रात्री स्वतःचीच किल्ली फिरत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सेट घरी, टेबलाच्या खणात. गाडीच्या डिकीत नको.

बाकावरचं सामान

पहिली गरज व्हाइसची. हातात धरलेलं कुलूप ताण देताना स्वतःच थोडं फिरतं आणि बोटांना मिळणारी खबर खोटी ठरते. जबड्यांना चामड्याचे किंवा रबरी तुकडे लावा, नाहीतर पितळी सिलिंडर चेपतो आणि प्लग घासायला लागतो.

पिकची जाडी चावीच्या भोकावर ठरते. रुंद भोकाला ०.६ मिमी चालतो. युरो प्रोफाइल सिलिंडरची वळणावळणाची अरुंद भोकं ०.४५ ते ०.५ मिमी मागतात, आणि त्याहून अरुंद भोकासाठी ०.३८ मिमीचा ठेवावा. जाडी जितकी कमी तितका पिक लवचिक आणि स्पर्श मंद, म्हणून भोकात मोकळा बसेल असा सर्वांत जाड पिक निवडायचा. बत्तीस तुकड्यांचे स्वस्त सेट घेऊ नका. दोन हुक घ्या, एक आखूड आणि एक खोल. रेक (सगळ्या पिना एकदम खडखडवणारा दातेरी पिक) फार तर एक, कारण हाय-सिक्युरिटी कुलपात रेक चालवणं म्हणजे बहुतेकदा वेळ घालवणं.

टेन्शनर दोन जागी बसतो: पिनांच्या बाजूच्या कडेवर किंवा त्याच्या समोरच्या कडेवर. पिनांच्या बाजूला बसणारा आखूड, जाड टेन्शनर भोकाची बाकीची जागा मोकळी ठेवतो, म्हणून अरुंद भोकासाठी तोच बरा. त्याची जाडी साधारण १ ते १.३ मिमी. तो भोकात गच्च बसायला हवा. सैल असला तर वाकतो किंवा घसरतो, आणि तुम्हाला वाटतं पिन बसली.

घरी करायचं असेल तर गाडीच्या वायपरच्या रबरात असलेली स्टीलची पट्टी टेन्शनरसाठी उत्तम. पिकसाठी फीलर गेजचं पातं किंवा जुनं हॅकसॉ ब्लेड घ्या. ग्राइंडरवर घासताना ब्लेड दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळा रंग दिसला की त्या जागचं पाणी उतरलं. तसा पिक पहिल्याच खोल पिनेला वाकतो. शेवटी ६०० आणि मग १००० च्या वॉटर पेपरने कडा गुळगुळीत करा. खरखरीत कड पिनेवर घसरताना उगाच टिकटिक करते आणि त्या आवाजात खरी क्लिक हरवते.

स्पूल पिन: पायरी चुकवू नका

डिंपल किंवा डिस्कच्या कुलपाकडे जाण्याआधी स्पूल पिना (मध्ये बारीक, दोन्ही टोकांना जाड) पक्क्या व्हायला हव्यात. ज्याला स्पूल उघडता येत नाही त्याने पुढची अवजारं घेऊन काही उपयोग नाही. सरावाला नाइट लॅचचा गोल सिलिंडर घ्या. मागून उघडा असल्याने तो खोलायला सोपा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कुलपं नकोत, डोळे काम करतात आणि बोटं शिकत नाहीत.

सिलिंडरच्या मागची सर्क्लिप (प्लग धरून ठेवणारी फुटकी कडी) किंवा दोन स्क्रू काढा, पट्टी बाजूला ठेवा. किल्ली घालून प्लग वीसेक अंश फिरवा, म्हणजे पिनांची भोकं एका रेषेत राहत नाहीत. आता मागून प्लगच्याच व्यासाची दांडी, म्हणजे फॉलोअर, आत ढकलत प्लग पुढून बाहेर काढा. व्यास साधारण १२.७ किंवा १३ मिमी, पण कॅलिपरने मोजूनच घ्या. दांडी प्लगला चिकटून सरकली पाहिजे. मध्ये फट पडली की स्प्रिंगा आणि ड्रायव्हर पिना (स्प्रिंगला टेकणाऱ्या) उडून टेबलाखाली जातात. काम ताटलीत करा, ताटलीत जाडसर फडकं घाला.

बॉडी उलटी धरा, भोकं खाली. फॉलोअर एकेक भोक उघडं होईल इतकाच मागे घ्या. चिमट्याने स्प्रिंग, तिच्यावर ड्रायव्हर पिन, दाबून फॉलोअर पुढे. असं सगळ्या भोकांचं करा. प्लगमध्ये किल्ली घालून की-पिना (किल्लीला टेकणाऱ्या) टाका आणि त्या प्लगच्या पृष्ठभागाशी सपाट बसल्यात का ते नखाने तपासा. एखादी वर डोकावत असेल तर ती चुकीच्या भोकात गेली आहे. मग प्लग पुन्हा वीसेक अंश तिरका धरून आत घाला, फॉलोअर मागून निघू द्या.

पहिल्या फेरीत फक्त दोन भोकं भरा, दोन्हीत साध्या पिना. नंतर तीन, नंतर पाच. त्यानंतर मधल्या एका भोकात स्पूल, मग दोन, मग सगळ्या. स्पूल मिळत नसेल तर पितळी ड्रायव्हर पिन ड्रिलच्या चकमध्ये धरा आणि नीडल फाइलने मधला भाग बारीक करा. दोन्ही टोकांना अर्धा ते पाऊण मिलिमीटर कड पूर्ण व्यासाची सोडा. कड फार पातळ राहिली तर ती मोडते आणि तुकडा भोकात अडकून बसतो.

आता उघडायचं. ताण हलका. टेन्शनरवरच्या बोटाचं नख पांढरं पडलं तर तो जास्त आहे. हुकने मागच्या पिनेपासून पुढे येत प्रत्येक पिन हळूच दाबा. बाकीच्या उसळत्या लागतील, एक जखडलेली लागेल, तीच आधी. भोकं कधीच अगदी एका रेषेत नसतात, म्हणून एका वेळी एकच पिन अडते. ती शिअर लाइनवर, म्हणजे प्लग आणि बॉडी यांच्या सीमारेषेवर, आली की क्लिक जाणवते आणि प्लग केसभर फिरतो. मग पुढची अडलेली शोधा.

स्पूल असेल तर एका टप्प्यावर प्लग एकदम बराच फिरतो आणि थांबतो. कुलूप उघडल्यासारखं वाटतं, उघडलेलं नसतं. स्पूलची बारीक कंबर शिअर लाइनवर आडवी पडलेली असते. आता पिना पुन्हा चाचपा. ज्या पिनेवर दाब देताच प्लग उलट दिशेला ढकलू लागतो, ती स्पूल. इथे नवशिके ताण वाढवतात आणि अडकतात. उलट ताण सैल करून प्लगला मागे येऊ द्यायचं, पण पूर्ण सोडायचा नाही. पिन दाबत राहा, कड शिअर लाइन ओलांडते आणि प्लग परत पुढे सरकतो. या सैलपणात आधी बसलेली एखादी पिन पडते. ती पुन्हा बसवा आणि पुढे चला. सगळंच निसटलं तर ताण जास्तच सैल झाला.

पिन जास्त वर गेली तर की-पिन शिअर लाइनमध्ये घुसते आणि काहीही केलं तरी प्लग हलत नाही. उपाय एकच: ताण सावकाश कमी करत ती एक पिन पडेपर्यंत थांबा, आवाज ऐका.

सेरेटेड पिनांना खाचांची माळ असते. प्रत्येक खाचेवर क्लिक होते आणि त्यांपैकी बहुतेक खोट्या असतात. एका वेळी एकच खाच उचला, मग दुसऱ्या पिनेकडे जा. उत्साहात दोन खाचा ओलांडल्या की पिन जास्त वर गेली समजा.

कुलूप उघडल्यावर प्लग अर्धा फेरा फिरवायचा असेल तर सावध. १८० अंशांवर भोकाची मोकळी बाजू ड्रायव्हर पिनांसमोर येते आणि काही सिलिंडरांत त्या थेट भोकात पडतात. तिथून जाताना भोकात पिकचं पातं आडवं धरून पिना रोखा. प्लग चुकीच्या दिशेला उघडला असेल तर पुन्हा पहिल्यापासून करायला नको, स्प्रिंगवाला प्लग स्पिनर त्याला झटक्यात पलीकडे फेकतो. पिना खाली पडायला वेळच मिळत नाही.

डिंपल

किल्लीच्या सपाट अंगावर खळगे असलेली कुलपं. इथे भोक आडवं आणि चपटं, पिना वरच्या किंवा बाजूच्या अंगाने येतात. साधा हुक आत जातो पण उचलायला जागाच नसते. म्हणून डिंपल पिक: दांडीच्या टोकाला छोटा झेंडा, दांडी बोटांत फिरवली की झेंड्याची कड पिनेला वर ढकलते. किमान तीन उंचीचे झेंडे लागतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे. टेन्शनर रुंद, कडक आणि भोकाच्या अगदी टोकाला बसणारा हवा. तो आत जितका कमी घुसेल तितकं बरं.

पिनेची सगळी हालचाल मिलिमीटरच्या अंशात असते, त्यामुळे हाताची सवय बदलावी लागते. मनगट हलवू नका, अंगठा आणि तर्जनीने दांडी फिरवा. झेंडा पिनेच्या बरोबर खाली आहे ना हे आधी ताण न देता तपासा. अर्धवट खाली असला तर तो शेजारच्या पिनेलाही उचलतो आणि मग काय बसलं, काय नाही, हे कळेनासं होतं. दांडीवर मार्करने प्रत्येक पिनेच्या खोलीच्या रेघा मारून घ्या.

इस्रायलच्या मल-टी-लॉकने, ज्याची सुरुवात १९७३ ची, पिनेच्या आत पिन घातली. बाहेरची नळी आणि आतली पिन या दोन्ही वेगवेगळ्या बसवाव्या लागतात. रुंद झेंडा दोन्हींना एकदम ढकलतो, म्हणून आतल्या पिनेसाठी टोक अरुंद करून घ्यावं लागतं. एका जागेवर दोन क्लिक मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.

डिस्क डिटेनर

१९०७ मध्ये फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सनने शोधलेली ही रचना, अबलॉय तिच्यावरच उभी आहे. पिना नाहीत, स्प्रिंगा नाहीत. ओळीने चकत्या, प्रत्येकीच्या कडेला एक खाच. बरोबर किल्ली प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरवते, सगळ्या खाचा एका रेषेत येतात, साइडबार (प्लगला अडवणारी बाजूची सळई) त्यात पडतो आणि कुलूप फिरतं. चकत्यांमध्ये न फिरणाऱ्या पातळ वॉशर असतात, त्यामुळे शेजारची चकती ओढली जात नाही. धूळ-पावसात हे कुलूप बिनतक्रार चालतं, कारण स्प्रिंग अडकण्याचा प्रश्नच नाही.

अवजाराचे दोन भाग: बाहेरची नळी आणि तिच्या आत फिरणारी दांडी. एकाचं टोक ताणाच्या चकतीवर जातं, दुसरं बाकीच्या चकत्या फिरवतं. कोणती चकती ताणाची हा पहिला प्रश्न. काही कुलपांत ती सर्वांत पुढची, काहींत सर्वांत मागची, आणि त्यानुसार अवजार पुढून ताण देणारं किंवा मागून ताण देणारं घ्यावं लागतं. मूळ किल्ली असेल तर बघा: जिथे कापच नाही ती चकती बहुधा ताणाची. चुकीचं अवजार घेतलं तर ओळखणं सोपं आहे, कितीही ताण द्या, एकही चकती जखडत नाही.

सुरुवातीला सगळ्या चकत्या शून्यावर आणा, म्हणजे भोक सरळ दिसतं. ताणाचं टोक बसवा, हलका ताण द्या. पिकचं टोक सर्वांत मागे नेऊन एकेक चकती मागून पुढे फिरवून बघा. सैल फिरतात त्यांना सोडा. जी जड लागते ती हळूहळू पुढे न्या. खाच साइडबारखाली आली की तिचा जडपणा जातो, अवजाराची ताणाची मूठ किंचित खचते आणि दुसरी चकती जड होते. नळीवरच्या खुणा वाचून प्रत्येक चकतीचा कोन कागदावर लिहून ठेवा. आठ-दहा चकत्या डोक्यात राहत नाहीत.

चांगल्या कुलपांच्या चकत्यांना खोट्या, उथळ खाचाही असतात. साइडबार त्यात अर्धवट पडतो आणि चकती बसल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंना हलवून पाहा: खऱ्या खाचेत चकतीला जास्त मोकळा खेळ असतो, खोटीत ती लगेच दोन्हीकडे अडते. सगळ्या बसल्यासारख्या वाटतात आणि कुलूप फिरत नाही, तेव्हा सर्वांत कमी खेळ असलेली चकती आधी तपासा.

अबलॉयच्या २००१ मधल्या प्रोटेकने या पद्धतीवरच घाव घातला. त्याच्या डिस्क ब्लॉकिंग यंत्रणेत प्लगवर ताण येताच चकत्याच धरून ठेवल्या जातात. ताण आणि चाचपणी एकाच वेळी होऊ शकत नाही, आणि वरचं अवजार ज्या एका गोष्टीसाठी बनलं आहे तीच नाहीशी होते. सरावाला प्रोटेक घेऊ नका. भंगारातलं जुनं अबलॉय क्लासिक किंवा चकत्यांच्या रचनेचं सायकलचं कुलूप घ्या.

साइडबार असलेली पिन-कुलपं

अमेरिकेतलं मेडेको, १९६८ पासूनचं. पिनेचं टोक छिन्नीसारखं तिरकं असल्याने किल्ली तिला उचलते आणि फिरवतेही: डावीकडे २० अंश, सरळ, किंवा उजवीकडे २० अंश. पिनेच्या अंगावर उभी खाच असते आणि साइडबारचे पाय त्या खाचांत जायला हवेत. म्हणजे प्रत्येक पिनेवर दोन कामं. साधा हुक उचलतो पण फिरवू शकत नाही, म्हणून टोकाला चपटी छिन्नी किंवा दुभंगलेली जीभ असलेला ताठ, पातळ पिक लागतो.

रीत अशी: आधी उंची बसवून घ्या. प्लग थोडा सरकून थांबेल, कारण आता फक्त साइडबार अडवतो आहे. तोच ताण धरून प्रत्येक पिन टोकाने किंचित डावी-उजवी फिरवा. जी फिरताना घासते ती साइडबारने धरलेली. ताण इथे स्पूलपेक्षाही कमी हवा, नाहीतर पाय पिनेत रुतून बसतात आणि पिन फिरतच नाही. पिनांना खोट्या खाचाही असतात, त्यामुळे थोडा प्रतिसाद मिळाला म्हणून पुढे जाऊ नका.

अमेरिकेच्या यूएल या तपासणी संस्थेच्या ४३७ क्रमांकाच्या प्रमाणपत्रासाठी सिलिंडरने तज्ज्ञाच्या पिकिंगला १० मिनिटं दाद देता कामा नये. हे वेळेचं माप आहे. त्यावर ते कुलूप घरासाठी पुरेसं आहे की नाही हे ठरत नाही, चौकट आणि स्क्रू कच्चे असतील तर सिलिंडरला कोणी हातही लावणार नाही.

आपल्याकडची लिव्हर

गोदरेजने १८९७ मध्ये मुंबईत कुलूपांपासूनच सुरुवात केली, आणि आजही आपल्या गल्लीबोळांत सहा-सात लिव्हरचं (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांचं) पॅडलॉक दिसतं. त्यासाठी दोन तारांचं अवजार: एक तार बोल्टवर ताण ठेवते, दुसरी लिव्हर एकेक उचलते. तारा एकमेकींना अडू नयेत म्हणून एक नळीसारखी पोकळ असते आणि दुसरी तिच्या आतून जाते. जखडलेली लिव्हर शोधणं तेच, फक्त लिव्हर उचलताना क्लिकपेक्षा सरकणं जाणवतं, आणि ज्या लिव्हरच्या खाचेला दात असतात ती खोट्या जागी अडकून बसते. तिला ताण सैल करूनच सोडवावी लागते.

बिघाड

पिकचं टोक मोडून आत राहिलं तर दुसऱ्या पिकने ढकलू नका. भोक खाली धरून हलकेच टकटक करा, नाहीतर सिलिंडर खोला. पितळाचा भुसा पिनांमध्ये साचतो, दर काही दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा. यंत्राचं तेल घालू नका. त्यावर धूळ चिकटून पिना मंद होतात आणि जखडलेली कोणती, तेलकट कोणती, हे बोटांना कळत नाही. कोरडा टेफ्लॉन स्प्रे पुरे.

हात थकला की ताण नकळत वाढतो. दहा-पंधरा मिनिटांत काहीच हललं नाही तर टेन्शनर काढा, सगळ्या पिना पडू द्या आणि दुसऱ्या बाजूच्या कडेवर तो बसवून पाहा. टेन्शनरची जागा बदलली की पिनांचा क्रमही बदलू शकतो.